चाळीसातले दहा लिटर

जालन्यात आमच्या गल्लीला नळ नवव्या दिवशी येतो,
रात्री अडीचला, आधी नुसती हवा सोडत.
मी ड्रम भरतो, झाकण उघडं ठेवतो,
क्लोरीन उडायला एक दिवस तरी लागतो.
बायको म्हणते, आम्हाला तसंच पाजतोस,
माशांसाठी मात्र शिळं करतोस.
खरं आहे.

टाकी फ्रीजशेजारी, चाळीस लिटरची.
पहिल्यांदा सहा निऑन टेट्रा आणले होते.
दुकानातला मोईनुद्दीन म्हणाला होता,
नरम पाण्याची लेकरं आहेत ही,
तुमच्या बोअरला टिकायची नाहीत.
बोअर आमचा असा की बादलीला आतून पांढरी साय,
गीझरची कॉइल दरवर्षी नवी,
तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी दाताखाली.

पण मी डायलिसिसचा टेक्निशियन, पाणी हेच माझं काम.
कामावर आरओच्या शेवटच्या नळाला मीटर धरला
की आकडा येतो तीन.
म्हटलं, याहून नरम काय असतं?
दोन कॅन घरी आणले.
तिसऱ्या दिवशी सहाही तळाशी,
अंगावरची निळी रेघ गेलेली.

आणि जे मी रोज हाताने करतो ते तेव्हा आठवलं:
ते पाणी नुसतं कुणाच्या रक्ताजवळ जाऊ देत नाही आपण,
आधी त्यात मीठ, सोडा, मोजून कॅल्शियम.
निव्वळ शुद्ध पाण्यात पेशी फुगतात
आणि फुटतात.
हा प्रश्न मला परीक्षेत दोन मार्कांना आला होता.

मग रिकामी टाकी सहा आठवडे चालवली.
रोज चिमूटभर खाद्य, खायला कुणी नाही.
शेजारचा ओंकारेश्वर विचारायचा, मासे कुठायत काका?
म्हणायचो, आधी जंतू यायचेत.
परीक्षानळीत अमोनिया हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळा,
मग पोपटी, मग पुन्हा पिवळा.
नायट्राइट वांग्याच्या सालीसारखं, तीन आठवडे तसंच,
आणि एका सोमवारी आकाशी.
त्याच सोमवारी सासूबाईंनी स्पंज धुतला,
साबण लावून, स्वच्छ.
पुन्हा पहिल्यापासून.

आता काळे मोली आहेत, आठ. खाऱ्या-जड पाण्याचे.
बोअरला ते नावं ठेवत नाहीत.

प्रयागबाई, खुर्ची चार, मंगळवार-शुक्रवार.
सुई टोचताना विचारतात, "मासे काय करायलेत रं?"
त्यांना दिवसाला सातशे मिली.
सकाळी एक तांब्या भरतात,
चहा, कालवण, गोळीचा घोट, सगळं त्यातूनच वजा.
"आन् त्यान्ला चाळीस लिटर?"
चाळीस. दर रविवारी त्यातले दहा बदलतो.
"सगळंच का नाही बदलत?"
एकदम बदललं तर सोसत नाही त्यांना.
"व्हय," म्हणाल्या, आणि वरच्या पिशवीकडे बघत राहिल्या.

एकदा रुमालात बांधून जंगली बदामाची पानं आणली,
कोर्टाच्या आवारातली, वाळकी, मोठी.
मीच कधीतरी सांगितलं होतं, पानाने पाणी नरमतं म्हणून.
आमच्या क्षारांना एका पानाचं काय?
पीएच आठवर होता, आठवरच राहिला.
पाणी मात्र कोऱ्या चहासारखं झालं,
आणि मोली त्या पानाखाली जाऊन थांबू लागले.
हे सांगितलं तेव्हा खूश झाल्या,
पीएचचं सांगितलं नाही.

परवा म्हणाल्या,
"पाण्यातच राहत्यात, तर तहान लागती का रं त्यान्ला?"

गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही.
पाणीच त्याच्यात शिरत असतं, कातडीतून, कल्ल्यांतून,
आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत असतो
रात्रंदिवस, न थांबता.
प्रयागबाईंना लघवी होऊन दोन वर्षं झाली.

मी पंपाचा वेग बघितला. दोनशे चाळीस.
पुन्हा बघितला.
"लागत नसावी," म्हणालो.
"बरंय मग," त्या म्हणाल्या
आणि बर्फाचा खडा
या गालातून त्या गालात सारला.